सपाट केलेली खाट

"ह्या पेशंटचा बेड खाली कोणी केला?" नव्या सिस्टरने आयसीयूत येताच विचारलं. प्रश्न चंद्रावतीला विचारलेला नव्हता. नीलम सिस्टर त्या दिवशी पहिल्यांदाच ह्या ड्यूटीवर आली होती. तिने टेबलाशी लिहीत बसलेल्या सिस्टरकडे बघितलं, मग फरशी पुसणाऱ्या मावशीकडे बघितलं, मग कुणाकडेच न बघता ती पायथ्याशी उकिडवी बसली आणि खाटेचा दांडा फिरवू लागली. करकर आवाज करत गोवर्धनचं डोकं, मान, छाती हळूहळू वर आली. तोंडातली जाड नळी, ती गालाला धरून ठेवणारी चिकटपट्टी, नाकातली बारीक नळी, सगळं त्याच्याबरोबर वर आलं. लुगड्यावर हिरवा गाऊन आणि पायात त्यांनीच दिलेल्या रबरी चपला घालून चंद्रावती उशाशी उभी होती. भेटीची दहा मिनिटं होती, त्यातली चार झाली होती. तिने विचारलं, "वर कशाला करताव, सिस्टर?" सिस्टर हात न थांबवता म्हणाली, "मशीनवरच्या पेशंटला सपाट ठेवायचं नसतं, आजी. नाकातून आपण जे पाजतो ते पोटातून वर येतं आणि नळीच्या कडेने फुप्फुसात उतरतं. मग नवीन इन्फेक्शन होतं. डोकं एवढं तरी वर पाहिजेच." तिने तळहात तिरका धरून उतार दाखवला. "हे इथे सगळ्यांना माहीत आहे," हे शेवटचं वाक्य ती टेबलाच्या दिशेने बोलली. मावशीने फडकं पिळलं, पुन्हा पाण्यात घातलं, पुन्हा पिळलं. चंद्रावतीने गोवर्धनच्या कपाळावर हात ठेवला. ते तापलेलं होतं. काल, सोमवारपासून होतं. सिस्टरच्या प्रश्नाचं उत्तर तिला ठाऊक होतं, कारण शनिवारी दुपारी ती खाट तिनेच खाली करवली होती.

राहिलेली सहा मिनिटं ती नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली, आणि मावशीने "चला आजी, टाइम झाला" म्हटल्यावर गाऊन काढून खुंटीला लावून बाहेर आली. बाहेर जिन्याखाली लोखंडी बाकं होती. समोर एक गुजराती बाई जप करत होती, बाजूला कुणाचा तरी मुलगा मोबाइलवर हिंदीत ऑफिसातल्या साहेबाला सुट्टी मागत होता. चंद्रावती भिंतीला टेकली आणि तिला शनिवार आठवायला लागला. आठवायला लागला म्हणण्यापेक्षा तो येऊन तिच्या मांडीवर बसला. गोवर्धनला मशीनला लावून त्या दिवशी पाच दिवस झाले होते. साधा खोकला छातीत उतरला, श्वास पुरेना, म्हणून इथे आणलं आणि नळी घातली. पण शुक्रवारी डॉक्टर म्हणाले होते की सुधारणा आहे, सोमवारी नळी काढायचा प्रयत्न करू. शनिवारी ती आत गेली तेव्हा तो खाटेवर खाली घसरला होता, हनुवटी छातीला टेकली होती. तिला वाटलं, ह्या माणसाला उतारावर झोप लागत नाही हे ह्यांना कोण सांगणार. झोपेचं औषध दिलेलं असलं म्हणून काय झालं, पाठीला कळत असणार. तिने मावशीला म्हटलं, "मावशी, तेवढी खाट सपाट करा ना. त्यांना जमिनीसारकं लागतं." मावशी म्हणाली, "करते ना आजी, त्यात काय." आणि दांडा फिरवून केली. गोवर्धन आडवा झाला. चंद्रावतीला त्याच्या चेहऱ्यावर आराम दिसला, खरंच दिसला. त्या दिवशी घरी जाऊन ती आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवली होती.

उताराची त्याला पहिल्यापासून चीड होती. त्यांच्या पेणकरपाड्याच्या मागे खाडीपर्यंत मिठागरं होती तेव्हाची गोष्ट, आता तिथे सगळे टॉवर आहेत आणि त्यांच्या खाली पार्किंग. पाऊस सरला की वाफ्यांचे तळ नव्याने बांधायचे. बाप्ये एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रांगेने चिखल तुडवायचे, तुडवून तुडवून त्याची शहाबादी फरशी करायचे, आणि मग गोवर्धन बांधावर पोटावर झोपून एक डोळा मिटून त्यावर सोडलेल्या बोटभर पाण्याकडे बघायचा. पाणी कुठे जाड, कुठे पातळ. त्याला ते दिसायचं. इतर कुणाला नाही दिसायचं. एका कोपऱ्यात बोटाएवढा उतार राहिला तर तिकडे पाणी साचणार, तिकडे मीठ बसणार नाही, नुसती राड होणार. मग पुन्हा तुडवा. लग्न होऊन आली त्या वर्षी ती त्याला हसायची. म्हणायची, "ह्यो मानूस मना बी एक डोला झाकून बघतो." तो चिडायचा नाही. पुढे मिठागर गेलं, घर गेलं, घराच्या जागी बिल्डिंग आली आणि तिसऱ्या मजल्यावर त्यांना दोन खोल्या मिळाल्या. पहिल्याच दिवशी त्याने तांब्याभर पाणी फरशीवर ओतलं. पाणी ओघळत मोरीऐवजी देवाच्या कोपऱ्यात गेलं. "इंजिनेर लोक," एवढंच तो म्हणाला, आणि खाटेच्या दोन पायांखाली लाकडाच्या चकत्या घातल्या. तीस वर्षं त्या चकत्यांवर झोपला. उशी नाही, काही नाही. अशा माणसाला डोकं वर करून टांगून ठेवलेलं कुठल्या बायकोला बघवेल? चंद्रावतीने स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं की ज्या बायकोला थोडी अक्कल आहे तिला.

भूपेश डॉक्टरांना भेटून खाली आला. हाटकेशला कारखान्यात सुपरवायझर असलेला तिचा मुलगा, आता त्याचेही कानाजवळचे केस पांढरे झाले होते. तो तिच्याशेजारी बसला आणि हातातली फाइल मांडीवर उभी धरून म्हणाला, "नवीन इन्फेक्शन आहे म्हणतात. फुप्फुसात. नळी आता निघणार नाही. वय आहे, आई, त्यांचं म्हणणं आपण मनाची तयारी ठेवायची." चंद्रावतीने त्याला सांगून टाकलं. शनिवार, मावशी, दांडा, नीलम सिस्टरचा प्रश्न. तो ऐकत होता आणि ऐकता ऐकता इकडेतिकडे बघत होता.

"हळू बोल," तो म्हणाला. "हे कुणाला बोलू नकोस."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? त्यांना तेवढंच पाहिजे आई. घरच्यांनीच केलं म्हणून हात झटकतील. आणि पाड्यात काय बोलतील? काका तर वाटच बघतोय. वहिनीने म्हाताऱ्याला मारला म्हणेल, बाराव्याला वाढता वाढता म्हणेल."

"बारावं?" चंद्रावती म्हणाली. "तू बाराव्यापातूर पोचलास?"

भूपेश फाइलच्या कडेने गुडघ्यावर हलकेच मारत बसला. तो वाईट मुलगा नव्हता, तिला माहीत होतं. लहानपणी खाडीत कुत्र्याचं पिल्लू वाहून जाताना बघून दोन दिवस जेवला नव्हता. पण त्याला मोठ्या माणसांची, टेबलामागे बसलेल्या माणसांची भीती वाटायची, आणि ती त्याला तिनेच शिकवली होती. साहेबापुढे बोलू नको. मास्तरांना उलट बोलू नको. सही कुठे करायची तेवढं विचार. तिचंही आयुष्य तसंच गेलं होतं. आता टेबलामागे बसलेल्यांनी मनाची तयारी ठेवायला सांगितली होती आणि मुलगा ती ठेवायला लागला होता.

घरी आल्यावर तिने आंघोळ केली नाही, दिवा लावला नाही, खुर्चीत बसून राहिली. मी मारलं, असं तिने मनात म्हणून बघितलं. त्या वाक्याची चव खारट पाण्यासारखी होती, गिळवत नव्हती आणि थुंकवतही नव्हती. मग ते वाक्य तिने पुन्हा पुन्हा म्हटलं, आणि कितव्या वेळेला कोण जाणे, त्याला एक फट पडली. शनिवार दुपार ते मंगळवार दुपार. दिवसाला तीन ड्यूट्या. प्रत्येक ड्यूटीला सिस्टर वेगळी. डॉक्टर सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. इतके सगळे शिकलेले लोक त्या खाटेपाशी आले, त्यांनी बाटली बदलली, आकडे लिहून घेतले, नाकातून पांढरं दूध सोडलं, आणि खाट सपाट आहे हे एकालाही दिसलं नाही. गोवर्धनला बोटभर पाण्यातला बोटभर उतार दिसायचा. ह्यांना हातभर दिसला नाही. आणि दुसरं म्हणजे, चंद्रावतीला हे आता सुचत होतं, तिच्या शब्दाला एवढा मान आजवर कुणी दिला नव्हता. चौपन्न वर्षं संसार केला. दाराला रंग कुठला लावायचा हे तिने सांगितलं तर घरात तीन दिवस चर्चा व्हायची. आणि इथे, जिथे माणसाचा श्वास यंत्राच्या हातात होता, तिथे एक म्हातारी येऊन म्हणाली खाट खाली करा, आणि लगेच केली. कुणाला विचारलं नाही. कुणी नाही म्हटलं नाही.

मग तिला आणखी गोष्टी आठवायला लागल्या. त्या तिने बघितल्या होत्या पण स्वतःला बघू दिल्या नव्हत्या, कारण ज्यांच्या हातात आपला माणूस दिलाय त्यांच्यातलं वावगं दिसलं तर रडायचं कुणापुढे. मशीन टुंग टुंग वाजायला लागलं की टेबलावरची सिस्टर हात लांब करून बटण दाबायची, मान न वळवता. दाराजवळची हात चोळायच्या औषधाची बाटली दोन दिवस रिकामी होती. कोपऱ्यातल्या पोराच्या तोंडातली नळी साफ करून त्याच हातमोज्यांनी बाई गोवर्धनकडे आली होती. त्याच्या ओठांवर पांढरा थर बसलेला होता, कडेला फुटलेला, चंद्रावतीने पदराने पुसला तर मावशी म्हणाली होती, हात नका लावू. हात नका लावू, हे मात्र त्यांना म्हणता येत होतं. सात खाटा आणि दोन सिस्टर. त्या पोरी तरी काय करणार, धावून धावून त्यांचे पाय दुखत असणार. पण पाय दुखतात म्हणून मिठागरावरच्या बायका कधी बांध फुटू द्यायच्या नाहीत.

पूर्वी नावाची तिची नात, भूपेशची मुलगी, कॉलेजातून आली. आजी अंधारात बसलेली बघून तिने दिवा लावला, आणि आजीने विचारलं म्हणून ती मोबाइलमध्ये बघून सांगायला लागली. चंद्रावतीचा प्रश्न साधा होता. मशीन सगळीकडे सारखीच असतात ना? पूर्वी बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली, "मशीन सारखंच असतं आजी. पण सारख्याच आजाराचे पेशंट एका आयसीयूतून जास्त घरी जातात, दुसऱ्यातून कमी. इथे लिहिलंय की बारीक बारीक गोष्टींवर असतं. डोकं वर ठेवणं, तोंड साफ करणं, हात धुणं, झोपेचं औषध रोज कमी करून बघणं. एका नर्सकडे किती पेशंट आहेत त्याच्यावर."

"आनि त्या गोष्टी कोन करतं? डाक्टर?"

"नर्स करतात. आणि कोणी केल्या की नाही ते रोज कोणीतरी चेक करतं. म्हणजे, करायला पाहिजे."

चंद्रावती उठली. "इंद्रलोकजवल एक नवीन हास्पिटल झालंय, तुझ्या मैत्रिणीच्या बापाला ठेवलेला. सकाली मना तिथं ने. तुझ्या बापाला सांगू नको."

सकाळी रिक्षाने दोघी गेल्या. पूर्वीने दारावरच्या माणसाशी हिंदीत काहीतरी बोलून चौथ्या मजल्यापर्यंत नेलं. आयसीयूच्या काचेच्या दारापाशी एक जाड, पन्नाशीची सिस्टर उभी होती, छातीवर नाव होतं, पूर्वीने वाचलं, सुगंधा. चंद्रावती दाराला हात लावणार तोच ती म्हणाली, "थांबा. कोणाचे?" कोणाचेच नाही म्हटल्यावर तिने दोघींना वरपासून खालपर्यंत बघितलं. पूर्वी घाईघाईने सांगू लागली की आजोबा दुसरीकडे आहेत, इकडे आणायचा विचार आहे, आजीला फक्त बघायचंय. "बघा तिथूनच, काचेतून. आत येता येणार नाही," सिस्टर म्हणाली. चंद्रावतीने काचेला नाक लावलं. आत सहा खाटा होत्या. सहाही खाटांची डोकी वर होती, आणि सगळ्यांचा उतार एक होता, कुणीतरी एक डोळा मिटून लावल्यासारखा. प्रत्येक पायथ्याशी कागद अडकवलेला, त्यावर बरोबरच्या खुणा. सिस्टर तीन. एक जण एका म्हातारीच्या तोंडात कापसाची काडी फिरवत होती आणि तिच्याशी बोलत होती, म्हातारीला ऐकू येत असेल नसेल.

चंद्रावती वळली. तिने आवाज गरीब केला. "सिस्टर, आमच्या म्हाताऱ्याला सपाट झोपायची सवय हाय. उतारावर झोप न्हाय लागत त्याला. इथं आनला तं तेवढी खाट सपाट कराल ना?"

"नाही."

"थोडा येल. दुपारपुरती."

"नाही आजी. मशीनवर असेपर्यंत नाही."

"डाक्टरला विचारून?"

"डॉक्टर म्हणाले तरी आधी मी त्यांना विचारीन का म्हणून." सिस्टर आता जराशी वैतागली होती. "आणि तुम्ही नंतर माझी तक्रार करा पाहिजे तर. पुष्कळ जण करतात."

"न्हाय करनार," चंद्रावती म्हणाली. रिक्षात बसल्यावर पूर्वीने बघितलं तर आजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. तिला सासू आठवत होती. रखमाबाई. मिठागरात खाडीचं पाणी घ्यायची उघाडी, म्हणजे बांधातलं दार, तिच्या ताब्यात होती, भरतीच्या वेळा तिच्या बोटांवर होत्या. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी चंद्रावतीचा भाऊ तिला जत्रेला न्यायला आला होता. तिने सासूला विनवलं की आज उघाडी थोडी लवकर खोला, पाणी घेऊ आणि मी जाते. रखमाबाई बांधावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. न्हाय, म्हणाली. गोवर्धन बोलला, भाऊ बोलला, चंद्रावती रडली. न्हाय. वेळेआधीचं पाणी गढूळ असतं, मीठ काळं पडतं, हे तिने सांगितलंसुद्धा नाही, नुसतं न्हाय म्हणून बसून राहिली. जत्रा बुडली. चंद्रावतीने त्या बाईचा कितीतरी वर्षं राग केला, ती गेल्यावरसुद्धा केला. आज पहिल्यांदा तिला वाटलं की त्या वेळी घरात एक माणूस असं होतं की ज्याच्यापुढे कुणाचं रडणं चाललं नाही, आणि म्हणून त्या घरातल्यांनी वर्षानुवर्षं पांढरं मीठ काढलं.

दुपारी ती जुन्या हॉस्पिटलात, गोवर्धनच्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. भूपेशला फोन करून बोलावून घेतलं होतं, पूर्वी मागे उभी होती. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते, त्यांनी खुर्ची पुढे केली. चंद्रावती बसली नाही. तिने सगळं सांगितलं, शनिवारपासून, स्वतःपासून सुरुवात करून. भूपेशने डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि अगदी हळुवार बोलायला लागले की आजी, एकट्या पोझिशनमुळे असं होतं असं म्हणता येत नाही, वय आहे, जुनी बिडीची सवय आहे, बरीच कारणं असतात. आणि तुम्हीच सांगितलं असेल तर, म्हणजे मी दोष देत नाही, पण नातेवाइकांनी असं परस्पर...

"व्हय," चंद्रावती म्हणाली. "मीच सांगितलं. मी अडानी बाय. माजी चूक हाय ती माजी, मी ती घेऊन वर जाईन. पन मी सांगितलं तं तुमी ऐकलात कशाला? मी सांगितलं असतं, ते मशीन लय वाजतंय, बंद करा, तं बंद केलं असतंत?"

डॉक्टरांनी खाली ठेवलेलं पेन पुन्हा उचललं.

"तीन दिवस खाट तशी व्हती. तुमी आलात ना रोज? सकाली-सांजच्याला? मना एवढं सांगा, तुमी काय बघायला आलता?"

"आई," भूपेश म्हणाला.

"तू थांब. आमी त्यांना दुसरीकडं नेतो."

डॉक्टरांचा आवाज आता थोडा कडक झाला. ह्या अवस्थेत हलवणं धोक्याचं आहे, वाटेत काहीही होऊ शकतं, जबाबदारी तुमची राहील, आमच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहात अशी सही द्यावी लागेल. त्यांनी छापील कागद पुढे सरकवला. पूर्वीने तो मोठ्याने वाचला. धोका होता, चंद्रावतीला कळत होतं. पेणकरपाड्यापासून इंद्रलोकपर्यंतचा रस्ता, त्यावरचे खड्डे, सिग्नलवर आडव्या येणाऱ्या रिक्षा, आणि त्या सगळ्यातून नळीच्या टोकाला लोंबकळत जाणारा तिचा नवरा. वाटेत गेला तर ते दुसरं पाप तिच्या नावावर. पण इथे ठेवला तर तो जाणारच, मनाची तयारी करून, सगळ्यांनी मान हलवून, वय होतं म्हणून. तिने कागद परत सरकवला. "खाली जागा हाय, तिथं लिवा. शनवारी दुपारी बायकोनं सांगितलं, मावशीनं खाट खाली केली, मंगलवार दुपारपातूर कोनी बघितली न्हाय. मंग सही करते."

"असं लिहिता येत नाही, आजी."

"मंग मी बसते." आणि आता ती खुर्चीवर बसली, लुगडं नीट सावरून, दोन्ही हात मांडीवर ठेवून. बाहेर पेशंट खोळंबले होते. कुणीतरी दार उघडून डोकावलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. टेबलामागच्या माणसापुढे ती जन्मात अशी बसली नव्हती, आणि तिला वाटत होतं की भूपेश आता उठून तिचा दंड धरेल. भूपेश उठला. पण तो तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "लिहा, डॉक्टर," तो म्हणाला. "ती उठणार नाही. सेहेचाळीस वर्षं बघतोय मी."

डॉक्टरांनी लिहिलं. जरा वेगळ्या शब्दांत लिहिलं, पूर्वीने दोनदा वाचून दाखवलं, एक शब्द चंद्रावतीने बदलायला लावला. 'निदर्शनास आले नाही' असं होतं, तिथे तिने 'कोणी बघितले नाही' करून घेतलं. मग तिने सही केली. प्रौढांच्या वर्गात शिकलेली सही, च पासून त पर्यंत, घाई न करता.

अँब्युलन्समध्ये चढवताना नीलम सिस्टर बरोबर आली. स्ट्रेचर आत गेल्याबरोबर तिने पहिल्यांदा त्याचं डोकं वर केलं, खीळ लावली, हलवून बघितली, आणि मग नळ्या जोडल्या. चंद्रावती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही. मागून मशीनचा श्वास ऐकू येत होता, आत, बाहेर, आत, बाहेर, आणि प्रत्येक खड्ड्याला ती स्वतःचा श्वास धरून ठेवत होती, जणू तो तिकडे देता येणार होता.

नवीन ठिकाणी पहिले तीन दिवस ताप उतरला नाही. चौथ्या दिवशी उतरला, संध्याकाळी पुन्हा चढला. भूपेशचे काका येऊन बाकावर बसून गेले, म्हणाले, "वहिनी, उगाच हाल केलेस त्याचे," आणि चंद्रावती म्हणाली, "भावजी, चहा घ्या आनि जा." रोज सकाळी सुगंधा सिस्टर झोपेचं औषध बंद करून बघायची, हा माणूस आपला आपण किती श्वास घेतो ते. रोज कागदावर खूण करायची. चंद्रावती काचेतून खुणा मोजायची. सहाव्या दिवशी तिला हात धुवायला लावून आत बोलावलं. गोवर्धनचे डोळे उघडे होते.

ते तिच्याकडे बघत होते. रिकामे नव्हते, ओळखीचे होते. ओठ स्वच्छ होते, नळीच्या कडेने जरा सुजलेले. डॉक्टर म्हणाले होते उद्या नळी काढून बघू. काढू असं म्हणाले नव्हते, काढून बघू म्हणाले होते, तो फरक तिने नीट ऐकून ठेवला होता. म्हणून तिला थांबायचं नव्हतं. तिने त्याचा हात हातात घेतला आणि सांगितलं. खाट कोणी सपाट करवली. का करवली. तीन दिवस काय झालं. तो पुन्हा आजारी कशाने पडला. "तुमाला बरं वाटावं म्हनून केलं," ती म्हणाली, "पन केलं मीच. दुसऱ्या कोनाकडनं ऐकाल म्हनून सांगते."

गोवर्धनने तिच्या हातातून हात सोडवून घेतला. ताकद नव्हती, तरी एकेक बोट करून सोडवला. नळीने जेवढी वळू दिली तेवढी मान त्याने भिंतीकडे वळवली.

चंद्रावती उठली. खाटेला वळसा घालून भिंतीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. त्याने डोळे मिटले.

"मिटू नका. ऐकू येतंय तुमाला, मना ठाव हाय. आनि तुमी तरी, सांगत व्हती बिडी सोडा, बिडी सोडा, ऐकलंत कदी? खोकला आला तवा आट दिवस सुंठ चाटत बसलात. डाक्टरकडं चला म्हनलं तं काय बोललात मना?"

त्याचे डोळे उघडले. कपाळावर आठी आली, ती जुनी, डाव्या भुवईवरची. मशीनवरचे आकडे थोडे वर गेले.

"आजी, वेळ झाली," मागून सुगंधा सिस्टर म्हणाली.

"थांबा जरा, सिस्टर. आमचं भांडन चाललंय."

"नाही," सिस्टर म्हणाली. तिने मशीनकडे बघितलं, गोवर्धनच्या आठीकडे बघितलं, खाटेच्या दांड्यावरून हात फिरवून बघितला. "उद्या भांडा."

चंद्रावतीने गाऊनची गाठ सोडली. दारापर्यंत गेली आणि तिथून वळून नवऱ्याला म्हणाली, "ऐकलंत ना? उद्या येते. तवर राग सोडू नका."